फांदी एकाची, लॉन दुसऱ्याचं... मग झाड कुणाचं?

पोस्ट मोठी आहे. पण वळवाचे दिवस तोंडावर आलेत म्हणून आत्ताच लिहितोय. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. सोसायटीत चेअरमन किंवा सेक्रेटरी असाल तर दोनदा वाचा.

आधी एक कबुली देतो. चार वर्षांपूर्वी मी एक बातमी केली होती. मथळा होता 'सोसायटीचा कायापालट'. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक जुनी सोसायटी आहे, तिच्या आवारात मोठा पर्जन्यवृक्ष. म्हणजे आपण ज्याला रेन ट्री म्हणतो तो. त्याच्याखाली आधी नुसती माती, पाचोळा आणि चार मोटारसायकली असायच्या. सोसायटीनं वर्गणी काढून तिथं पेव्हर ब्लॉक बसवले, कर्ब स्टोन लावले, थोडं लॉन केलं, झाडाला गोल कट्टा बांधून टाइल्स लावल्या, फांद्यांवर माळा सोडल्या. संध्याकाळी दिवे लागले की खरंच छान दिसायचं. मी फोटो काढला, चेअरमनचे दोन शब्द घेतले, तीन कॉलम बातमी लावली. लोकांनी कौतुक केलं. मलाही बरं वाटलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. तुम्हाला आठवत असेल, दुपारी कडक ऊन आणि चारनंतर एकदम अंधार. वारा जेमतेम पंधरा मिनिटं होता. त्या पंधरा मिनिटांत ते झाड मुळासकट आडवं झालं. कंपाऊंडची भिंत फोडून थेट रस्त्यावर. खाली एक रिक्षा उभी होती. रिक्षावाले काका दोन मिनिटांपूर्वी उतरून पलीकडच्या टपरीत चहाला गेले होते. काका वाचले, पण रिक्षाचा पत्रा अक्षरशः वहीसारखा मिटला.

काकांच्या रिक्षावर फायनान्स होता. विमा होता तो थर्ड पार्टी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, थर्ड पार्टी विमा म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर. तुमच्या गाडीवर झाड पडलं तर त्यात रुपया मिळत नाही. सोसायटी म्हणाली, निसर्गाचा कोप, आम्ही काय करणार? तरी माणुसकी म्हणून बारा हजार जमवून दिले. काका आज दुसऱ्याची रिक्षा शिफ्टनं भाड्यानं चालवतात आणि आपल्या मोडक्या रिक्षाचे हप्ते भरतात.

मी दुसऱ्या दिवशी बातमी दिली. 'वादळी वाऱ्यानं झाड कोसळलं, रिक्षाचं नुकसान, सुदैवानं जीवितहानी नाही.' डिप्लोमाला असताना शिकवलेलं सगळं त्यात होतं. कोण, काय, कुठे, कधी, कसे. एकच प्रश्न राहिला, का?

तो प्रश्न मला झाड तोडायला आलेल्या मामांनी विचारायला लावला.

मामा म्हणजे आपल्या भागात झाडं तोडायचं काम घेणारे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. वय साठीच्या आसपास. दोन पुतणे हाताखाली, एक पेट्रोलवरची करवत, दोर, कोयते, कुऱ्हाडी. गरज पडली तर हायड्रा भाड्यानं आणायचा. मी फोटो काढत होतो. मामांनी हाक मारली.

"सायेब, फाटा काय काढताय, हिकडं या. ह्ये बघा."

आडव्या पडलेल्या झाडाचा बुड आकाशाकडं वर आला होता. मामांनी कोयत्याच्या टोकानं माती खरवडली. एका बाजूला जाड मुळ्या तुटून चिरफळलेल्या होत्या, ओल्या, पांढऱ्या. दुसऱ्या बाजूला मुळ्याच नव्हत्या. एका सरळ रेषेत सगळ्या कापलेल्या. कापलेली टोकं काळी पडून कुजलेली, हातानं दाबली की भुसा होत होता.

"हितनं कर्ब स्टोनची चर मारलीया. बुंध्यापासनं चार फुटावं. जेसीबीनं वडल्यात मुळ्या. ह्ये वाऱ्यानं पाडलं न्हाई सायेब. वाऱ्यानं नुसतं ढकललं."

मी त्या चरीकडं बघत राहिलो. माझ्या फोटोत तोच कर्ब स्टोन होता, लाल-पिवळा रंगवलेला.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे चूक लँडस्केपवाल्याची. मलाही तसंच वाटलं. तो लँडस्केपवाला माझ्या ओळखीचा. कृषी पदवीधर, स्वतःची छोटी नर्सरी, कष्टाळू पोरगा. त्याला फोन केला. तो गप्प झाला. मग म्हणाला, "दादा, टेंडरमध्ये झाड हा शब्दच नव्हता. पेव्हर किती चौरस फूट, कर्ब किती रनिंग फूट, लॉन किती, कट्टा एक नग. मी झाड सोडून लांबून कर्ब घेतो म्हणालो असतो तर दोन गाड्यांचं पार्किंग गेलं असतं. मग त्यांनी दुसऱ्याला काम दिलं असतं."

आणि पुढं म्हणाला, "आणि फक्त मलाच का धरताय? त्याच्या आदल्या वर्षी त्या झाडाची बिल्डिंगकडची सगळी बाजू कुणी उतरवली ते विचारा की."

विचारलं. ती मामांनीच उतरवली होती.

सोसायटीला बाल्कनीत ऊन हवं होतं आणि पाचोळा नको होता. म्हणून मामांनी बिल्डिंगकडच्या सगळ्या मोठ्या फांद्या खोडापासून घेतल्या. रस्त्याकडच्या तशाच राहिल्या. झाडाचं सगळं ओझं एका अंगाला गेलं. नंतर आलेल्या जेसीबीनं मुळ्या तोडल्या त्या नेमक्या बिल्डिंगच्या बाजूच्या, म्हणजे झाडाला मागं ओढून धरणाऱ्या. एकानं तोल घालवला, दुसऱ्यानं आधार काढला. दोघांची कामं एकाच आवारात झाली, एकाच चेअरमननं दिली, पण दोघं एकमेकांना कधी भेटलेच नाहीत.

मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही. तंबाखू मळत म्हणाले, "व्हय, मीच उतरीवली. साडेतीन हजार दिलं आन् लाकूड माझं. आता लाकूड माझं म्हटल्यावर मी बारकी फांदी काढीन का जाड?"

या एका वाक्यात सगळा विषय आहे. म्हणून ते नीट समजून घेऊया.

झाड तोडणाऱ्याचा हिशोब असा असतो. रोख मजुरी कमी, बाकीची भरपाई लाकडातून. लाकूड वखारीला किंवा वीटभट्टीला जातं. म्हणजे जाड फांदी उतरली तरच पुतण्यांचा पगार, पेट्रोल आणि टेम्पोचं भाडं सुटतं. झाडाला फक्त वाळकी, एकमेकांवर घासणारी, वायरीला टेकलेली फांदी काढायची गरज असली, तरी त्या कामात त्याला काहीच सुटत नाही.

लँडस्केपवाल्याचा हिशोब चौरस फुटावर. झाडाभोवती जितकी माती मोकळी सोडली तितकं बिल कमी. वर मुरूम टाकून, दाबून, घट्ट करून दिला नाही तर पेव्हर खचतात आणि पहिल्याच पावसात चेअरमनचा फोन येतो. म्हणून तो मुरूम दाबतो. मुरूम जितका घट्ट तितकं त्याचं काम चांगलं. आणि तितकीच खालची मुळी गुदमरते.

दोघंही आपापल्या बिलाप्रमाणं चोख काम करतात. फक्त झाड जगवायची ओळ दोघांच्याही बिलात नसते.

आता मुळ्यांबद्दल थोडं, कारण इथं बहुतेकांचा गैरसमज आहे. माझाही होता. आपल्याला वाटतं, झाड जितकं वर तितकंच खाली. तसं नसतं. झाडाला अन्नपाणी पुरवणाऱ्या बारीक मुळ्या बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि त्या फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. म्हणजे आपण जिथं ब्लॉक बसवतो, चर मारतो, ड्रेनेजचा पाइप टाकतो, केबल पुरतो, नेमक्या तिथंच. मुळ्यांनाही हवा लागते. माती दाबली, वर काँक्रीट घातलं की हवा आणि पाणी दोन्ही बंद. झाड लगेच मरत नाही, हीच मोठी फसवणूक. ते दोन-चार वर्षं हिरवंगार दिसतं. तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं, अनामतही परत गेलेली असते.

फांदीचंही तसंच. फांदी खोडाला मिळते तिथं एक फुगीर कड असते. त्या कडेच्या बाहेर कापलं तर झाड स्वतः जखम बंद करतं. कड सोडून हातभर खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज आत जाते. कडेच्या आत, खोडाला चिकटून कापलं तरी तेच. अमेरिकेत अॅलेक्स शायगो नावाच्या वनसंशोधकानं करवतीनं हजारो झाडं उभी चिरून आत कूज कशी पसरते याचा अभ्यास केला. त्यानं सांगितलं की झाड आपल्या त्वचेसारखी जखम भरून काढत नाही, ते जखमेभोवती भिंत घालतं आणि पुढं वाढतं. म्हणून जखम कुठं आणि केवढी करायची हे महत्त्वाचं. शेंडा उडवला तर बाजूनं भराभर धुमारे फुटतात, लोक म्हणतात बघा कसं तरारलं! पण ते धुमारे वरवर चिकटलेले असतात. चार वर्षांनी जाड झाले की वाऱ्यानं तेच पहिले मोडतात.

गंमत बघा. फांदीच्या कडेची गोष्ट लँडस्केपवाल्या मित्राला पुस्तकातून माहीत होती. मामांना माहीत नव्हती. आणि झाड कुठल्या अंगाला जाणार, कुठली फांदी आतून पोकळ आहे, बुंध्यावर कोयत्याचा दांडा ठोकून आवाजावरून ओळखायचं, हे मामांना पाठ. मित्राला त्यातलं काही येत नव्हतं. दोघांकडं अर्धं-अर्धं ज्ञान. एकत्र केलं असतं तर काकांची रिक्षा आज रस्त्यावर असती.

मग ते एकत्र का येत नाहीत?

पहिलं कारण, मानाचं. लँडस्केपवाला कोटेशन देतो, लॅपटॉपवर थ्रीडी चित्र दाखवतो, त्याला खुर्ची आणि चहा मिळतो. मामांना गेटवर उभं करून "किती घेणार?" एवढंच विचारतात. मामांचं मत कुणी विचारत नाही आणि मामाही न विचारता बोलत नाहीत. "आपल्याला काय करायचंय, सांगितलं तेवढं तोडायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुसरं कारण, पैशाचं. मोठ्या कामात लँडस्केपवाला सगळा ठेका घेतो आणि झाडाचं काम मामांसारख्यांना पोटात देतो. पोटठेकेदाराचे पैसे सगळ्यात शेवटी. मामांचे एका कामाचे अकरा हजार दिवाळीपासून अडकलेत. फोन केला की "बिल निघालं की देतो." मामांचा पुतण्या झाडावर चढतो तो कमरेला दोर बांधून. हेल्मेट नाही, विमा नाही. पडला तर जबाबदारी कुणाची यावर कुठंही एक ओळ लिहिलेली नसते. असं असताना मामा त्या माणसाला फुकट सल्ला का देतील?

तिसरं कारण थोडं टोचणारं. दोघांचं पोट एकमेकांच्या चुकीवर चालतं. आज लँडस्केपवाला कंपाऊंडला चिकटून, विजेच्या तारांखाली, पाच-पाच फुटांवर पटकन वाढणारी झाडं लावतो, कारण गिऱ्हाइकाला वर्षात हिरवं हवं असतं. दहा वर्षांनी तीच झाडं तोडायला मामा येतात. मामांनी मोकळी केलेली जागा परत लँडस्केपवाल्याला मिळते. मध्यंतरी कोनोकार्पस नावाच्या झाडाची अशीच फॅशन आली होती. शेजारच्या गुजरात सरकारला २०२३ मध्ये त्या झाडाच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. आपल्याकडं अजून किती कंपाऊंडना ते आहे, फिरताना जरा बघा.

चौथं कारण भाषेचं. इंग्रजीत झाडांची निगा राखणाऱ्यासाठी आर्बरिस्ट असा वेगळा शब्द आहे, त्यांच्या संघटना आहेत, परीक्षा आहेत. आपल्याकडं फुलझाडं बघतो तो माळी. मोठ्या झाडाला हात लावतो तो फक्त 'झाड तोडणारा'. राखणारा म्हणून कुणाला बोलावतच नाही, तर तसा माणूस तयार कसा होईल? मामा एकदा बोलून गेले, "पाडायचं पैसं मिळत्यात सायेब, राखायचं कोण देतंय?"

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की परवानगी फक्त झाड बुडातून तोडायचं असेल तरच लागते. शहरांसाठी १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही येतं. म्हणजे जेसीबीनं मुळ्या ओढणं यातून सुटत नाही, असं मला तरी वाचताना दिसतं. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं बदल्यात लावायची असं ठरवलं. आपल्या ताराबाई पार्कात, नागाळा पार्कात, टाऊन हॉलच्या बागेत पन्नाशी ओलांडलेली झाडं किती असतील, तुम्हीच अंदाज करा. पण करवत आवारात आली की लोक महापालिकेला फोन करतात, चर मारायला जेसीबी आला तर कुणी करत नाही. मीही केला नव्हता. उलट फोटो काढला होता.

काँक्रीटबद्दलही आदेश आहेत. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं. पण मोठ्या झाडाला एक मीटर म्हणजे काहीच नाही. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या जागेवरच्या झाडांसाठी एक प्रमाण आहे. बुंध्याची छातीच्या उंचीवरची जाडी घ्यायची, तिला बारानं गुणायचं, तेवढ्या अंतरात खोदाई नाही. आपल्याला जाडी मोजणं अवघड, तर सोपा हिशोब सांगतो. दोरीनं बुंध्याचा घेर मोजा आणि चारानं गुणा. जवळपास तेवढंच येतं. त्या पडलेल्या झाडाचा घेर मी मामांच्या दोरीनं मोजला. नऊ फूट. म्हणजे चौतीस-पस्तीस फूट तरी मोकळं सोडायला हवं होतं. चर होती चार फुटांवर.

इतकी जागा शहरात कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. सगळी सोडता येणार नाही. पण चार आणि पस्तीसच्या मध्ये बराच वाव आहे. आणि जिथं खोदायचंच आहे तिथं जेसीबीऐवजी हातानं खोदता येतं, जाड मुळी चुकवून पाइप खालून घेता येतो. यात शोध लावण्यासारखं काही नाही. फक्त खोदायच्या आधी विचारणारं कुणी पाहिजे.

आता कुणी म्हणेल, पत्रकार झाडवेडा झालाय. तसं नाही. धोकादायक झाड काढलंच पाहिजे, या मताचा मी आहे. २०१७ च्या जुलैमध्ये मुंबईत चेंबूरला सकाळी फिरायला निघालेल्या दूरदर्शनच्या माजी निवेदिकेच्या अंगावर नारळाचं झाड पडलं, त्यात त्या गेल्या. ते झाड काढावं म्हणून आधी मागणी झाली होती. म्हणून 'झाड वाचवा' एवढी घोषणा पुरत नाही. झाड तपासायला माहितगार माणूस पाहिजे आणि त्याचं ऐकणारं कुणी पाहिजे.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा वड. सुमारे चारशे वर्षांचा सांगितला जायचा. रत्नागिरी-नागपूर महामार्गात तो जाणार होता. २०२० मध्ये लोकांनी आंदोलन केलं, मंत्र्यांपर्यंत विषय गेला, रस्त्याची आखणी बदलली आणि वड वाचला. आम्ही सगळ्यांनी तेव्हा बातम्या दिल्या. आणि दोनच वर्षांत, २०२२ च्या पावसात, तो कोसळला. एवढा जुना जीव, वयही असेल. पण मला त्या दोन वर्षांचा विचार करताना नेहमी वाटतं, कुऱ्हाडीपासून वाचवणं हे अर्धंच काम असतं. ते झालं की आम्ही कॅमेरे घेऊन घरी येतो.

आणि आपण कोल्हापूरकर आहोत म्हणून एक आठवण. शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराची नीती सांगणारं आज्ञापत्र लिहिलं ते रामचंद्रपंत अमात्यांनी, १७१५ च्या सुमारास, आपल्याच कोल्हापूरच्या गादीच्या काळात. त्यात आरमारासाठी लाकूड कसं घ्यावं हे सांगितलंय. आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावं. हा भाग आपण भाषणात नेहमी ऐकतो. मला आता त्यातली वेगळी गोष्ट दिसते. कुठलं झाड, कुणाच्या परवानगीनं, किती मोबदल्यात, हे सगळं आधी ठरवून लिहून ठेवलंय. आपण तीनशे वर्षांनी कोटेशनवर 'कट्टा एक नग' लिहितो.

आता पुढं काय झालं ते सांगतो.

या जानेवारीत दुसऱ्या एका सोसायटीचं सुशोभीकरण निघालं. काम त्याच मित्राला मिळालं. आवारात एक जुना वड. मी मित्राला म्हटलं, कोटेशन द्यायच्या आधी एकदा मामांना घेऊन जाऊया. तो जरा नाखूश होता. मामा त्याहून नाखूश. "त्यो विंग्रजी बोलतोय, मला काय कळणार?" शेवटी तिघं गेलो. पहिली दहा मिनिटं दोघं माझ्याशीच बोलत होते, एकमेकांशी नाही. मग मामांनी वडाच्या बुंध्यावर कोयत्याचा दांडा ठोकला आणि एका जागी थांबले. मित्रानं तिथं कान लावला. "पोकळ हाय," मामा म्हणाले. मित्रानं खाली बसून बघितलं तर बुंध्याच्या बुडाशी भूछत्रं फुटलेली. तिथून दोघं बोलायला लागले. मी मागं उभा.

अर्ध्या तासात ठरलं. वरचं ओझं चारही बाजूंनी थोडं-थोडं हलकं करायचं, एका अंगानं नाही. परवानगीचा अर्ज सोसायटीनं करायचा. कर्ब वडापासून लांब घ्यायचा, मधे पेव्हरऐवजी माती आणि पाचोळाच ठेवायचा, बसायला सुट्टे दगडी बाक. टाइल्सचा कट्टा नाही. एका गाडीचं पार्किंग गेलं. त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये तासभर भांडण झालं. मी बाहेरचा, पण तिथं मला त्या रिक्षाचा फोटो दाखवावा लागला. त्यानंतर विषय मंजूर झाला.

मामांनी फांद्या उतरवल्या. या वेळी मजुरी रोख ठरली, लाकूड सोसायटीचं. मित्र खाली उभा राहून कुठल्या कडेला कापायचं ते सांगत होता. पहिली फांदी आधी खालून थोडी कापली, मग वरून, म्हणजे साल फाटत खाली येत नाही. शेवटी खुंट कडेशी. मामांनी तो काप बघितला, हात फिरवला आणि पुतण्याला म्हणाले, "बघून ठेव."

वड टिकेल का? माहीत नाही. दोन पावसाळे जाऊ द्या, मग सांगतो. पण मामांचे पैसे आठ दिवसांत मिळाले एवढं नक्की.

यातून मला जे कळलं ते पाच मुद्द्यांत लिहितो. वाटलं तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका.

१. सुशोभीकरणाचं कोटेशन मागवायच्या आधी झाडाचा माहितगार आणि लँडस्केपवाला दोघांना एकाच वेळी जागेवर बोलवा. दोघांना खुर्ची द्या.

२. झाडाचा घेर मोजा, चारानं गुणा, चुन्यानं गोल आखा. त्या गोलात जेसीबी नाही. खोदणं टळतच नसेल तर हातानं.

३. मजुरी लाकडात देऊ नका. रोख द्या, लाकूड वेगळं विका. चार पैसे जास्त जातील, पण गरजेची तीच फांदी उतरेल.

४. काम देताना लिहून घ्या की झाडाची काळजी कुणाची, दोन पावसाळ्यांपर्यंत बघायचं कुणी. चढणाऱ्या पोराचा विमा आणि हेल्मेट हेही त्यातच लिहा. पोटठेकेदाराचे पैसे किती दिवसांत द्यायचे तेही.

५. फांद्यांचं काम आणि त्याची परवानगी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच उरका. वळीव आल्यावर पळापळ करून जे तोडतो ते झाडासाठी नसतं, आपल्या भीतीपोटी असतं.

महापालिकेकडंही एक मागणी आहे आणि ती पत्रकार म्हणून मी मागत राहणार आहे. रस्ता, फूटपाथ, बगीचा, चौक, कुठल्याही कामाच्या एस्टिमेटमध्ये अस्तित्वातल्या झाडांच्या निगेसाठी वेगळी ओळ असावी. रक्कम छोटी असली तरी चालेल. ओळ असली की कुणीतरी ती वाचतो, तिचं बिल मागतो, तिची चौकशीही करतो. कायद्यानं दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची आहे. त्या यादीत नुसता आकडा नको, कुठलं झाड काँक्रीटमध्ये बुडालंय तेही लिहा.

राहता राहिले रिक्षावाले काका. परवा स्टँडवर भेटले. मी म्हटलं, काका, तुमच्यावर लिहितोय. म्हणाले, "लिव्हा की. पर सायेब, मागल्या टायमाला त्या झाडाचा फोटू तुम्हीच छापला हुता न्हवं? लई भारी आला हुता."

ते टोमणा मारत नव्हते, खरंच कौतुक करत होते. मला मान वर करवेना.

म्हणून एक काम करा. आज-उद्या तुमच्या गल्लीतल्या, सोसायटीतल्या मोठ्या झाडाच्या बुंध्यापाशी जाऊन उभे राहा. बुंध्यापासून किती फुटांवर काँक्रीट सुरू होतं ते पावलांनी मोजा. एका बाजूच्याच फांद्या उतरवलेल्या आहेत का बघा. काही वेगळं दिसलं तर मला कळवा, जाऊन बघू. मामा येतील म्हणालेत. आणि आता मित्रही येतो.